हिवाळ्यातील दोनशे किलोमीटर: वेळ आणि ऊब यांचा जमाखर्च

संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटताना हल्ली आपल्या मंडळींत एक नवा प्रश्न कानावर येतो: "काय, या महिन्याचे दोनशे झाले का?" ज्यांना हा प्रश्न कळतो त्यांचे डोळे चमकतात. ज्यांना कळत नाही ते समजतात की वर्गणीविषयी बोलणे चालले आहे! दोनशे म्हणजे दोनशे किलोमीटर, तेही सायकलवर, एका दिवसात आणि इंग्लंडच्या भर हिवाळ्यात.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले म्हणजे उन्हाळ्यात पन्नास-शंभर किलोमीटर सायकल चालवणारे आणि आता हिवाळ्यातही निघावे असे वाटू लागलेले. दुसरे म्हणजे त्यांच्या घरची मंडळी, जी खिडकीतून अंधार पाहत फोनची वाट बघतात. मी व्यवसायाने संगणक अभियंता आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे येथे जे सांगतो आहे ते आकडेमोड आणि काही हिवाळ्यांचा अनुभव यांवर आधारलेले आहे. औषधपाण्याविषयीचा शेवटचा शब्द आपल्या डॉक्टरांचाच.

हा प्रकार काय आहे?

१८९७ साली काही इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला, म्हणजे सुमारे २३० किलोमीटर, सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या वेळात पोचले. लॅटिनमध्ये धाडसी माणसाला 'ऑडॅक्स' म्हणतात. तोच शब्द या प्रकाराला चिकटला. १९०४ साली पॅरिसमध्ये ऑडॅक्स क्लब पॅरिझियन स्थापन झाला आणि आजही जगभरच्या अशा फेऱ्यांचे नियम तोच ठरवतो. आपल्याकडे ब्रिटनमध्ये ऑडॅक्स यूके ही संस्था १९७६ पासून आहे.

ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. प्रत्येकाला एक कार्ड मिळते. त्याला ब्रेव्हे कार्ड म्हणतात. ठरलेल्या ठिकाणी, म्हणजे कंट्रोलवर, शिक्का किंवा दुकानाची पावती घेत ठरलेल्या वेळेत शेवट गाठायचा. आता जीपीएसची नोंदही पुष्कळ ठिकाणी चालते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस. या पायऱ्या चढलेल्यांना दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १२०० किलोमीटरच्या फेरीत भाग घेता येतो. ती प्रथम १८९१ साली झाली आणि अलीकडची २०२३ साली.

मग हिवाळ्यातच का? कारण ऑडॅक्स यूकेचा 'रँडोनर राउंड द इयर' नावाचा एक मान आहे. सलग बारा महिने, दर महिन्याला किमान एक दोनशे पूर्ण करायचे. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी टाळून बारा महिने होत नाहीत, आणि खरी परीक्षा याच तीन महिन्यांत असते.

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथेही याच नियमांच्या फेऱ्या होतात. महाराष्ट्रातील सायकलस्वारांनी याहून मोठे पराक्रमही केले आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या गटात 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. पण तिकडचा अनुभव जसाच्या तसा येथे उपयोगी पडत नाही. महाराष्ट्रात हिवाळा हा सायकलीचा सर्वांत सुखाचा ऋतू असतो. पहाटेची थंडी नऊ वाजता ओसरते आणि मग ऊन लागते. येथे ऊन लागण्याची वाट पाहत बसलात तर मार्च उजाडेल.

पहिले खाते: वेळ

२१ डिसेंबरला लंडनमध्ये सूर्य सकाळी आठ वाजून चार मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजायला सात मिनिटे असताना मावळतो. म्हणजे उजेड जेमतेम पावणेआठ तास. त्याच दिवशी मुंबईला सुमारे अकरा तास मिळतात. सकाळी आठला निघालेल्या स्वाराची मुदत रात्री साडेनऊला संपते. त्यामुळे साडेपाच तास अंधार हा हिशेबात धरलाच पाहिजे.

आता आकडे मांडू. उन्हाळ्यात जो स्वार ताशी २० किलोमीटरने चालतो, तो जाड कपडे, ओले रस्ते आणि समोरचा वारा यांमुळे हिवाळ्यात ताशी १८ वर येतो. २०० भागिले १८ म्हणजे ११ तास ७ मिनिटे. साडेतेरा तासांतून ती वजा केली तर शिल्लक राहतात २ तास २३ मिनिटे. चार थांबे प्रत्येकी अर्ध्या तासाचे घेतले तर दोन तास गेले. हाती उरली २३ मिनिटे, म्हणजे एक पंक्चर आणि एक चुकलेले वळण.

तेच चार थांबे वीस-वीस मिनिटांचे केले तर शिल्लक १ तास ३ मिनिटे होते. पाय तेच, सायकल तीच, तरी शिल्लक जवळजवळ तिप्पट. म्हणून हिवाळ्यात वेग वाढवण्यापेक्षा थांबे आखणे जास्त फायद्याचे. कॅफेत शिरण्यापूर्वीच काय मागायचे ते ठरवा. एकाने रांगेत उभे राहावे, दुसऱ्याने बाटल्या भराव्यात. हातमोजे काढले की ते टेबलावर नव्हे, जॅकेटच्या आत ठेवा, म्हणजे निघताना ते उबदार मिळतात.

एक खूण लक्षात ठेवा. १०० किलोमीटरवरचा कंट्रोल सुरुवातीपासून ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो. आठला निघाल्यास ती वेळ दुपारी २ वाजून ४० मिनिटे. ताशी १८ ने, वीस मिनिटांचे दोन थांबे घेऊन तुम्ही तेथे सव्वादोनच्या सुमारास पोचता. अडीच वाजूनही तो कंट्रोल दिसला नाही, तर पुढची सगळी रात्र घड्याळामागे धावण्यात जाणार आहे. त्या वेळी काय करायचे ते पुढे सांगितले आहे.

दुसरे खाते: ऊब

वेळेचे खाते बहुतेकांना कळते. उबेचे खाते मात्र रिकामे झाल्यावरच आठवते.

माणसाचे शरीर हे फारसे काटकसरी इंजिन नाही. पेडलवर १०० वॅट देण्यासाठी ते चारशे ते साडेचारशे वॅट ऊर्जा जाळते. उरलेली तीनशे-साडेतीनशे वॅट उष्णता म्हणून बाहेर पडते. म्हणजे चालती सायकल ही एक छोटी शेगडीच, आणि तीवर बसलेला माणूस शून्याजवळच्या थंडीतही चढावर घामाघूम होतो.

पण स्वस्थ उभे असताना शरीर सुमारे १०० वॅटच उष्णता निर्माण करते. पंक्चर झाले आणि तुम्ही रस्त्याकडेला थांबलात की तुमची मिळकत एका क्षणात तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते, खर्च मात्र तोच राहतो. उलट अंगातले कपडे घामाने ओले असतील तर खर्च वाढतो, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. हिवाळ्यात धोका सायकल चालवण्यात कमी आणि थांबण्यात जास्त आहे, ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

वाऱ्याचाही हिशेब आहे. तापमापक २ अंश सेल्सियस दाखवत असेल आणि तुम्ही ताशी २० किलोमीटरने जात असाल तर उघड्या कातडीला ते उणे ३ अंशांसारखे लागते. उतारावर ताशी ४० ने उणे ५ सारखे. चिल्टर्नच्या टेकड्यांत पंधरा मिनिटे चढून घाम येतो आणि नंतर तीन मिनिटांत तोच घाम गारठतो. म्हणून:

१. सर्वांत आतला थर लोकरीचा किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचा असावा. सुती बनियन घरी ठेवा. ते एकदा भिजले की दिवसभर वाळत नाही.

२. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर दहा किलोमीटरवर तुम्ही भिजलेले असाल.

३. चढाच्या पायथ्याशी जॅकेटची चेन खाली करा आणि माथ्यावर उतार लागण्याआधी वर करा. कंटाळा करू नका.

४. बुटात दोन जाड मोजे कोंबू नका. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय अधिकच गार पडतात. एक चांगला मोजा आणि बुटावरून पाणीरोधक कव्हर हे जास्त कामाचे.

५. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून एक कोरडा आतला थर, कोरडे हातमोजे आणि चंदेरी फॉइलचे ब्लँकेट नेहमी बरोबर ठेवा. ब्लँकेट मुठीएवढे असते आणि काही पौंडांत मिळते.

६. दोन्ही चाकांना मडगार्ड हवेत. त्यामुळे रस्त्यावरचे गार पाणी पाठीवर येत नाही आणि मागच्याच्या तोंडावरही उडत नाही.

पंक्चरचा सराव घरी करा. बैठकीच्या खोलीत, घड्याळ लावून, हातमोजे घालून. दहा मिनिटांत ट्यूब बदलता येत नसेल तर हिवाळ्यातली फेरी पुढे ढकला. रस्त्यावर प्रत्यक्ष पंक्चर झाले तर आधी जादा जॅकेट चढवा आणि मग चाक काढा. बहुतेक जण उलट करतात.

आता दोन्ही खाती शेजारी ठेवून पाहा. संध्याकाळी चारनंतर अंधार पडतो, तापमान उतरते आणि नेमके त्याच वेळी पाय थकतात. पाय थकले की ताकद कमी, म्हणून उष्णताही कमी. थंडी वाजली की थांबा लांबतो. थांबा लांबला की वेळ जातो आणि अंग आणखी गारठते. एक खाते बुडू लागले की दुसऱ्यालाही ओढते. १५० ते २०० किलोमीटर हा टप्पा याचसाठी कठीण असतो. त्यासाठीची शिल्लक सकाळीच राखून ठेवावी लागते.

बर्फ आणि अंधार

पांढरा बर्फ दिसतो, म्हणून त्याची भीती कमी. भीती आहे ती ब्लॅक आइसची. हा पातळ, पारदर्शक थर ओल्या डांबरासारखाच दिसतो. आकाश निरभ्र असलेल्या रात्रीनंतर हवेचे तापमान ३ अंशांच्या आसपास असले तरी रस्त्याचा पृष्ठभाग शून्याखाली गेलेला असू शकतो. पुलावर, झाडीच्या सावलीत, शेतातून पाणी वाहून येते त्या गल्लीत तो आधी तयार होतो आणि शेवटी वितळतो. अशा दिवशी अरुंद गल्ल्या टाळून मीठ टाकलेले मोठे रस्ते धरावेत, किंवा आयोजकांची परवानगी असल्यास उशिरा निघावे. चाक बर्फावर आलेच तर ब्रेक दाबू नका, हँडल वळवू नका. पेडल मारणे थांबवून सरळ जाऊ द्या.

दिव्यांबाबत येथील कायदा स्पष्ट आहे. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लागलेला असलाच पाहिजे, मागे लाल परावर्तक पाहिजे, आणि ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलीच्या पेडलवर पिवळसर परावर्तक पाहिजेत. कायद्यापलीकडे व्यवहार असा की पुढे आणि मागे प्रत्येकी दोन दिवे ठेवा. थंडीत बॅटरीची क्षमता घटते, त्यामुळे डब्यावर लिहिलेले तास मिळत नाहीत. फोनही बाहेरच्या खिशात ठेवू नका, आतल्या खिशात अंगाशी ठेवा. गरज लागते तेव्हाच गार पडलेला फोन बंद होतो.

शिदोरी

दोनशे किलोमीटरला अंदाजे साडेचार ते पाच हजार कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृतात साठलेली साखर जास्तीत जास्त दोन हजार कॅलरींपर्यंत पुरते. काही भाग चरबीतून येतो, तरी तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. गूळ लावलेल्या पोळीच्या एका सुरळीत त्याहून थोडी जास्त.

आपले खाणे या कामाला फार चांगले आहे. गुळाच्या पोळ्या, खजुराच्या वड्या, उकडलेल्या बटाट्याला मीठ लावून, तिखटमिठाच्या दशम्या. गोड खाऊन तोंड विटले की खारट लागतेच. तिळगुळातला गूळ लवकर कामी येतो आणि तीळ सावकाश. मात्र चिक्की आणि कडक वडी नेऊ नका. २ अंशांत ती दगडासारखी होते. दात सांभाळायचे तर मऊ लाडू न्या आणि ते घरूनच लहान तुकडे करून न्या, म्हणजे हातमोजे न काढता तोंडात टाकता येतात.

थंडीत तहान कमी लागते, पण घाम आणि श्वासावाटे पाणी जातच असते. दीड तासात एक छोटी बाटली संपवा. सकाळी कोमट पाणी भरले तर प्यायला जीव होतो. कंट्रोलवर गोड चहा जरूर घ्या. मद्य मात्र फेरी संपेपर्यंत नको. त्याने कातडीतील रक्तवाहिन्या फुगतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते.

आधी तपासणी कोणी करावी?

हा भाग कृपया वगळू नये. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हृदयविकार आणि मधुमेह यांचे प्रमाण येथील गोऱ्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहे आणि ते कमी वयात गाठतात. म्हणूनच आपल्यासाठी वजनाची रेषाही वेगळी आहे. येथील 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे आपल्याला बीएमआय २३ पासून वाढीव धोका आणि २७.५ पासून मोठा धोका धरला जातो. गोऱ्या लोकांना हेच आकडे २५ आणि ३० आहेत. आरशात आपण सडपातळ दिसतो, यावर विसंबू नये.

थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. त्यात चढावरचे श्रम आले की हृदयावर दुहेरी भार पडतो. म्हणून आठवडाभर खुर्चीवर बसणाऱ्या चाळिशीच्या गृहस्थाने जानेवारीत एकदम दोनशेला निघणे योग्य नाही. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या, पूर्वी हृदयविकार, मधुमेह वगैरे निदान न झालेल्या व्यक्तींना दर पाच वर्षांनी एनएचएसची मोफत आरोग्य तपासणी मिळते. ते पत्र आले की फ्रिजवर लावून विसरू नका. चाळिशीच्या आत असूनही वडिलांना किंवा भावाला लवकर हृदयविकार झाला असेल तर आपणहून जीपीकडे जा. श्रम करताना छातीत दडपण, हात किंवा जबड्यात कळ, अवाजवी धाप असे काही जाणवले तर सायकल लगेच थांबवा आणि ९९९ ला फोन करा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी डोसबद्दल आधी बोलावे. थंडीने हात थरथरणे आणि साखर उतरल्याने थरथरणे यांतला फरक रस्त्यावर ओळखता येत नाही. इन्सुलिन गोठू देऊ नये, ते अंगाजवळ ठेवावे. दमा असणाऱ्यांना गार कोरड्या हवेचा त्रास होतो. तोंडानाकावर पातळ गळपट्टा ओढावा आणि इनहेलर आतल्या खिशात ठेवावा.

एक गैरसमजही दूर करू. "हिवाळ्यात बाहेर सायकल चालवतो, मग ड जीवनसत्त्व मिळतच असेल" असे पुष्कळांना वाटते. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत येथील ऊन त्यासाठी पुरेसे नसते, आणि आपण नखशिखांत झाकलेलेही असतो. या काळात रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करावा असा येथील सरकारी सल्ला आहे. सावळ्या वर्णाच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा.

परतीचे नियम घरीच लिहा

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याचे सर्वांत वाईट लक्षण असे की प्रथम बुद्धीच मंद होते. म्हणजे ज्या यंत्राने निर्णय घ्यायचा तेच बिघडते. म्हणून निर्णय आदल्या रात्री, गरम वरणभात खाऊन, शांत डोक्याने घ्यायचा आणि कार्डावर लिहून खिशात ठेवायचा. माझ्या कार्डावरचे पाच नियम असे:

१. पहाटे अंदाज शून्याखालचा आहे आणि रस्ते ओले आहेत, तर निघायचेच नाही.

२. अंग आतपर्यंत भिजले, कोरडे कपडे संपले आणि पुढचे उबदार ठिकाण तासाभराहून लांब आहे, तर जे पहिले उघडे दार दिसेल तेथे थांबायचे. पब असो, चर्च असो वा पेट्रोल पंप.

३. बोटांनी ब्रेक नीट दाबता येत नाही किंवा जॅकेटची चेन लावता येत नाही, तर सायकल चालवायची नाही.

४. १०० किलोमीटरचा कंट्रोल मुदतीत गाठला नाही, तर जवळचे रेल्वे स्टेशन गाठायचे.

५. सोबत्याला त्याचा पत्ता आणि घरचा फोन विचारायचा. उत्तर अडखळत आले तर दोघांचीही फेरी तेथेच संपली.

सोबती कुडकुडतो आहे, बोलणे जड झाले आहे, हातातून वस्तू पडत आहेत, अशी लक्षणे दिसली तर त्याला आत न्या आणि ९९९ ला फोन करा. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय आणि काही गोड खायला द्या. हातपाय चोळू नका, गरम पाण्याने आंघोळ घालू नका, मद्य देऊ नका. कुडकुडणे आपोआप थांबले आणि तो गुंगीत गेला तर ते सुधारल्याचे नव्हे, बिघडल्याचे चिन्ह आहे.

मध्येच सोडण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. लंडन-एडिंबरा-लंडन ही १५०० किलोमीटरहून लांब फेरी चार वर्षांची तयारी करून भरते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिस वादळ आले तेव्हा आयोजकांनी स्वतःच ती मध्ये थांबवली. जगभरातून आलेले स्वार माघारी फिरले. भर उन्हाळ्यात जर हे शहाणपण चालते, तर जानेवारीत आपल्यालाही चालावे.

खर्चाची बाजू

या छंदाचा मोठा खर्च सायकलीचा. नोकरदारांनी 'सायकल टु वर्क' योजना जरूर पाहावी. ती १९९९ पासून आहे. मालक सायकल आणि सुरक्षेचे साहित्य घेतो आणि तुमच्या करपूर्व पगारातून हप्ते कापतो. २०२५-२६ च्या दरांप्रमाणे २० टक्के कर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स भरणाऱ्याला १००० पौंडांची खरेदी ७२० ला पडते. ४० आणि २ टक्के भरणाऱ्याला ५८० ला. स्कॉटलंडमध्ये कराचे दर वेगळे आहेत. मुदत संपल्यावर सायकल आपल्या नावावर करण्यासाठी थोडी रक्कम लागू शकते, ती आधी विचारून घ्या. सायकल मुख्यतः कामावर जाण्यासाठी वापरायची असते हे विसरू नका. कागदावरचा पगार कमी होतो, त्यामुळे घरकर्जाचा अर्ज तोंडावर असेल तर थोडे थांबलेले बरे. पैसे मर्यादित असतील तर प्रथम दिवे, मडगार्ड, टायर आणि हातमोजे घ्या. हलकी फ्रेम सर्वांत शेवटी.

दुसरी बाब विम्याची. बर्फावर घसरून मनगट किंवा गळ्याचे हाड मोडले तर सहा-आठ आठवडे काम बंद होऊ शकते. आजारपणात कायद्याने मिळणारी रक्कम घराचा हप्ता भागवण्याइतकी नसते, आणि स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना तीही मिळत नाही. आपली कंपनी आजारपणात किती आठवडे पूर्ण पगार देते, हे नोकरीच्या करारात आजच वाचा. घराच्या विम्यात सायकल घराबाहेरही धरली आहे का आणि दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाईची सोय आहे का, ते विचारा. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलेला असेल तर पडलेल्या माणसाला निदान बरे होण्याची घाई करावी लागत नाही.

घरच्यांसाठी

निघणाऱ्याने रात्रीच एक कागद घरी ठेवावा. त्यावर मार्ग, कंट्रोलची गावे, प्रत्येक ठिकाणी पोचण्याची अंदाजे वेळ, सोबत्याचा आणि आयोजकांचा फोन, चालू औषधे आणि अॅलर्जी लिहावी. प्रत्येक कंट्रोलवरून एक शब्दाचा निरोप पाठवावा. ठरलेल्या वेळेनंतर दीड तास निरोप नाही तर घरच्यांनी प्रथम स्वाराला, मग सोबत्याला, मग आयोजकांना फोन करावा. काहीच पत्ता लागला नाही तर पोलिसांना कळवायला संकोचू नये. फोनवर जागा दाखवणारी सोय चालू ठेवली तर उत्तमच, पण कागद हवाच. दऱ्याखोऱ्यांत सिग्नल जातो, कागद जात नाही.

आणि घरच्यांनीही एक करावे. स्वार अर्ध्यातून परतला तर "झालं का मग?" असे विचारू नये. पुढच्या वेळी त्याच प्रश्नाच्या धास्तीने तो परतायचे टाळेल.

सुरुवात कशी करावी?

जानेवारीत लेख वाचून फेब्रुवारीत दोनशेला निघू नका. उन्हाळ्यात ५०, मग १००, मग १५० करा. सप्टेंबरात उजेडातले पहिले दोनशे करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंधारात दोन-तीन तासांच्या फेऱ्या करून दिवे, कपडे आणि खाणे पारखून घ्या. डिसेंबरात सपाट मार्गाचे दोनशे निवडा आणि शक्य तर रेल्वेमार्गाच्या जवळून जाणारे. ज्याने आधी एक हिवाळा काढला आहे अशा सोबत्याबरोबर निघा.

निघण्याआधी दारात उभे राहून दोन प्रश्न स्वतःला विचारा. पंक्चर झाले तर अर्धा तास उभे राहण्याइतकी ऊब बरोबर आहे का? आणि संध्याकाळी चारला वेळेच्या खात्यात किमान अर्धा तास शिल्लक असेल का? दोन्हींची उत्तरे 'हो' असतील तर खुशाल निघा. एकाचेही 'नाही' आले तर सायकल भिंतीला टेकवा, चहा टाका आणि पुढच्या शनिवारचा हवामानाचा अंदाज पाहा. महिन्यात चार शनिवार असतात, आणि दोनशे त्यांतल्या एकालाच करायचे असतात.